रात्री कॉम्प्युटरवर कुणी नसताना नेट कोण खाऊन राहिलं?

नागपूरच्या बेसा भागात राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. घरी एकच डेस्कटॉप, विंडोज १०. फायबरचं कनेक्शन, महिन्याचा ठरावीक कोटा. गेले दोन महिने तो वीस तारखेलाच संपतो आणि उरलेले दहा दिवस नेट रांगत चालतं. रात्री पाणी प्यायला उठलं की राउटरचा दिवा लुकलुकताना दिसतो. एकदा टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्राम काय करतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडलं तेव्हा काहीही चालू नसताना 'सेंड'समोर ४ एमबीपीएस आकडा होता. अँटीव्हायरसला काही सापडलं नाही. सीताबर्डीच्या एका दुकानात विचारलं, तर 'व्हायरस असेल, फॉरमॅट मारून टाका' असं उत्तर मिळालं. आता ते विचारतात की कॉम्प्युटर हॅक झाला आहे का, आणि फॉरमॅट करू का?

आधी थेट उत्तर देतो: फॉरमॅट आत्ता करू नका. हॅक झालेलं नाहीच, असं मी म्हणत नाही, असूही शकतं. पण फॉरमॅट केलं की डेटा कोण पाठवत होतं याचा मागमूसच पुसला जातो. आणि दोष दुसरीकडे असेल तर पंधरा दिवसांत तुम्ही परत याच जागी उभे असाल.

मी नागपुरात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर बघतो, वीसेक वर्षं झाली. त्रिमूर्ती नगरच्या एका शिक्षिकाबाईंनी मला बोलावण्याआधी लॅपटॉप दोनदा फॉरमॅट करून घेतला होता. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम, रोजचे २ जीबी, आणि सकाळी दहाच्या आत डेटा संपल्याचा मेसेज. 'भाऊ, मी तर मेलसुद्धा उघडला नाही, मग हे जाऊन कुठं राहिलं?' असं त्या काकुळतीनं विचारत होत्या. मी रिसोर्स मॉनिटर, म्हणजे कोणता प्रोग्राम किती डेटा पाठवतोय ते दाखवणारं विंडोजमधलंच साधन, उघडलं आणि पाठवण्याच्या रकान्यावर क्लिक केलं. सगळ्यात वर आला फोटोंचा बॅकअप घेणारा प्रोग्राम. त्याच्या खिडकीत एकाच फाइलचं नाव अडकलेलं होतं: भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ, ६ जीबीच्या वर. रोज सकाळी तो व्हिडिओ चढायला लागायचा, २ जीबीला नेट तुटायचं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा शून्यापासून. प्रत्येक फॉरमॅटनंतर बाईंनी त्याच खात्यात लॉगिन केलं, तोच व्हिडिओ त्याच फोल्डरमध्ये परत ठेवला, त्यामुळे तेच चक्र पुन्हा सुरू झालं. आम्ही व्हिडिओ त्या फोल्डरमधून बाहेर काढून पेनड्राइव्हवर ठेवला आणि त्रास त्या मिनिटाला थांबला. पण त्या दोन फॉरमॅटमध्ये त्यांच्या प्रश्नपत्रिकांचं एक फोल्डर कायमचं गेलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा 'हॅक झालं का' या प्रश्नाच्या आधी आपल्याला वेगळंच शोधायचं आहे. डेटा घरातल्या कोणत्या यंत्रातून जातोय, आत येतोय की बाहेर जातोय, आणि कोणत्या प्रोग्रामच्या नावावर? हे कळलं की हॅकचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं.

राउटरच्या दिव्यावरून मात्र काहीच ठरवू नका. राउटर आणि घरातली यंत्रं आपसात सतत बोलत असतात. 'हा पत्ता कुणाचा?', 'मी अजून इथेच आहे', 'प्रिंटर कुठे आहे?' अशा बारीकसारीक निरोपांना दिवा लुकलुकतो. डेटाचं पाकीट चिमुकलं असो की मोठं, दिव्याला फरक पडत नाही. रात्रभर लुकलुकूनही खर्च नगण्य असू शकतो.

तुमचा ४ एमबीपीएसचा आकडा मात्र मी गंभीरपणे घेतो. हे मेगाबिट आहेत, मेगाबाइट नव्हेत, आठने भागा. सेकंदाला अर्धा एमबी, म्हणजे तासाला १.८ जीबी. आठ तासांची रात्र धरली तर १४.४ जीबी आणि वीस रात्रींत २८८ जीबी. हा वेग रात्रभर टिकत असेल तर तुमचा कोटा कुठे जातो याचं मोठं उत्तर इथेच आहे. पण तुम्ही तो एकदाच पाहिला आहे. पाच मिनिटांसाठी आलेला आकडा आणि रात्रभर चाललेला आकडा यांत फार अंतर आहे, आणि ते तुमच्या घरीच मोजावं लागेल. प्लॅनमध्ये अपलोडही मोजतात का, हेही कंपनीला विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी मोजतात.

आकडा 'सेंड'समोर होता, हा मला सगळ्यात मोलाचा धागा वाटतो. आपल्याकडे अशा वेळी 'विंडोज अपडेट होत असेल' म्हणून सोडून देतात. पण अपडेट आत येतं, बाहेर जात नाही. शिवाय विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षेची ईएसयू योजना तुम्ही घेतली नसेल, तर महिन्याची ती मोठी अपडेटं तुमच्या मशीनवर येतच नाहीत. डिफेंडर या विंडोजच्याच अँटीव्हायरसच्या व्हायरस ओळखण्याच्या याद्या, ब्राउझर आणि स्टोअरमधली ॲपं असं मोजकंच उरतं. त्यामुळे अपडेटवर बिल फाडण्याची सोय तुमच्या बाबतीत फारशी नाही.

अपडेटच्या बाबतीत विंडोजची एक गोष्ट मात्र अपलोड करू शकते: डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. तुमच्याकडे उतरलेल्या अपडेटचे तुकडे ती दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरला देते. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटीखाली ती सापडेल. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून डाउनलोड करू देण्याचा पर्याय बंद करा. तिथेच ॲक्टिव्हिटी मॉनिटर आहे, त्यात या महिन्यात किती अपलोड झालं ते लिहिलेलं असतं. दोन मिनिटांचं काम, म्हणून ते आधी उरकून घ्या.

अपलोडची कारणं माझ्या कामात ज्या क्रमानं सापडतात, त्यात पहिला नंबर क्लाउड बॅकअपचा, म्हणजे फाइलींची प्रत इंटरनेटवर ठेवण्याचा. ओळखीच्या फाइल गुपचूप वर चढत असतात आणि घरातल्या कुणीतरी सहा महिन्यांपूर्वी 'हो' म्हणून बटण दाबलेलं असतं. दुसरा नंबर टोरेंटचा, म्हणजे लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाइली उतरवतात त्या प्रोग्रामचा. पिक्चर उतरवून झाला की काम संपलं असं मुलांना वाटतं, पण प्रोग्राम घड्याळाशेजारच्या छोट्या चिन्हांत बसून तोच पिक्चर जगाला वाटत राहतो, आणि कॉम्प्युटर सुरू केला की स्वतःच उठतो. घरात कॉलेजला जाणारं कुणी असेल तर रागावू नका, शांतपणे विचारा. रागावलं की मुलं प्रोग्राम काढून टाकतात आणि खरं कारण कळायचं राहून जातं. त्यानंतर कॅमेरे येतात, आणि खऱ्या अर्थाने घातक गोष्टी सगळ्यांच्या शेवटी. त्या कमी सापडतात, पण सापडतात.

आता यंत्र कोणतं ते ठरवू. तुम्ही रात्री कॉम्प्युटर बंद करता, स्लीपवर ठेवता की तसाच चालू ठेवता, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. डेस्कटॉप खरोखर स्लीपमध्ये असेल तर तो रात्रभर ४ एमबीपीएसनं काही पाठवू शकत नाही. विंडोज आपल्या देखभालीसाठी रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवू शकतं, पण ते काम आटोपलं की तो परत झोपतो. कॉम्प्युटर बंद असूनही कोटा जात असेल, तर चोर या खोलीत नाहीच.

म्हणून दोन रात्रींचा प्रयोग करा. पहिल्या रात्री कॉम्प्युटर चालू ठेवा, पण त्याची नेटची केबल काढून ठेवा. वायफायवर असेल तर वायफाय बंद करा. झोपण्याआधी आणि सकाळी उठल्यावर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा राउटरच्या पानावर वापराचा आकडा बघून कागदावर लिहा. दुसऱ्या रात्री केबल लावून तेच करा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरचा हिस्सा. प्रयोग साधा आहे, पण या एका गोष्टीनं माझे कितीतरी फेरे वाचले आहेत.

हुडकेश्वरच्या एका घरी याच प्रयोगानं उलगडा झाला होता. केबल काढलेल्या रात्रीसुद्धा खर्च तेवढाच. मग राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. ते पान बहुतेक घरी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर उघडतं. यादीत सगळ्यांचे फोन, टीव्ही, आणि जिन्याखाली लोखंडी कपाटात ठेवलेला सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा. त्याचा पासवर्ड बसवला त्या दिवसापासून कारखान्यातून आलेलाच होता, आणि राउटरमध्ये त्याच्यासाठी बाहेरून आत यायचा दरवाजा उघडा ठेवलेला. मी डीव्हीआरची केबल उपटली आणि राउटरवरचा पाठवण्याचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर खाली येऊन जवळजवळ शून्यावर टेकला. ही काही नवलाची गोष्ट नव्हती. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामनं जगभरातले असेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर कारखान्याच्या पासवर्डवरून ताब्यात घेतले होते आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्या जोरावर डाइन (Dyn) या, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला करून मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या होत्या. त्या घरच्या माणसांना आपलं डबडं कुणाच्या तरी कामाला लागलंय याचा पत्ताच नव्हता.

तुमच्याकडे कॅमेरे असतील तर आधी ते तपासा. नसले तरी राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला, वायफायचाही बदला आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता वायफायला जोडून देणारी राउटरची सोय) बंद करा. यूपीएनपी या राउटरच्या सोयीमुळे घरातलं कुठलंही यंत्र न विचारता बाहेरचा दरवाजा उघडू शकतं. तिची गरज नसेल तर तीही बंद. वायफायचा पासवर्ड बदलल्यावर शेजारच्या फ्लॅटमधून 'आज नेट काहून नाही चालत?' असं कुणी विचारायला आलं, तर तेही एक उत्तरच आहे.

समजा फरक कॉम्प्युटरचाच निघाला. मग सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटखाली डेटा युसेज उघडा. गेल्या ३० दिवसांत कोणत्या प्रोग्रामनं किती डेटा वापरला त्याची यादी तिथे असते. झोपण्याआधी मोबाईलनं त्या पडद्याचा फोटो काढा आणि सकाळी दुसरा. आकडा लगेच बदलत नाही, कधी तासभर लागतो, म्हणून सकाळी थोडं थांबून फोटो घ्या. ज्या नावापुढचा आकडा रात्रीत फुगला, तो तुमचा माणूस. तुम्ही झोपलेले असताना कुणी काय केलं, हे यापेक्षा सोप्या रीतीनं कळत नाही.

त्या यादीत 'सिस्टम' नाव सगळ्यात वर असेल तर घाबरू नका. विंडोजची स्वतःची बरीच कामं, शेअर केलेल्या फोल्डरची ये-जासुद्धा, त्याच नावाखाली जाते. अशा वेळी रिसोर्स मॉनिटर उघडायचं. स्टार्टमध्ये त्याचं नाव टाइप केलं की येतं. नेटवर्कच्या टॅबवर जा आणि सेंडच्या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक करा, म्हणजे सगळ्यात जास्त पाठवणारा वर येईल. त्या ओळीसमोरच्या चौकोनात टिक केली की खाली फक्त त्याच प्रोग्रामची कनेक्शनं दिसतात.

इथे लोकांना सर्व्हिस होस्ट (svchost.exe) नावाच्या दहा-बारा, कधी पन्नासेक ओळी दिसतात आणि छातीत धस्स होतं. तो एक सामायिक टांगा समजा: विंडोजच्या वेगवेगळ्या सेवा त्यात बसून जातात. आत कोण बसलंय ते बघायला ओळीसमोरचा पीआयडी, म्हणजे त्या प्रोग्रामचा ओळख नंबर, लक्षात ठेवा, टास्क मॅनेजरच्या सर्व्हिसेस टॅबमध्ये जा आणि तोच नंबर शोधा. सेवेचं नाव समोर येतं. खरी फाइल विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये असते. टास्क मॅनेजरमध्ये नावावर उजवं क्लिक करून फाइलची जागा उघडा. ती टेम्प किंवा ॲपडेटासारख्या फोल्डरमध्ये निघाली, किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे असलं, तर तिथे थांबून केबल काढा.

पत्त्यांबद्दलही थोडं सांगतो, कारण याचे स्क्रीनशॉट पाठवून लोक मला मध्यरात्री फोन करतात. १२७.०.०.१ म्हणजे कॉम्प्युटर स्वतःशीच बोलतोय. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता घरातलाच. २३९.२५५.२५५.२५० हा पत्ता बघून बरेच जण हादरतात, पण तो घरातल्या टीव्ही-प्रिंटरांना दिलेली सामायिक हाक आहे. बाहेरचा पत्ता एखाद्या मोठ्या कंपनीचा निघाला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. चोरही भाड्याची जागा त्याच मोठ्या कंपन्यांकडून घेतात. पत्त्यापेक्षा तो प्रोग्राम तुमच्या कॉम्प्युटरवर कुठून आला आणि कुणी बसवला, हे जास्त सांगून जातं.

अँटीव्हायरस 'ठीक' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की त्याच्या ओळखीचं काही सापडलं नाही. फुकटचे काही व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे फिरवणारे प्रोग्राम) तुमच्या कनेक्शनवरून परक्यांची ये-जा चालवतात आणि त्याची परवानगी तुम्ही बसवताना दिलेली असते. असल्या गोष्टीवर अँटीव्हायरस बोट ठेवेलच असं नाही. क्रॅक केलेली, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेली, सॉफ्टवेअरं बसवताना तर अँटीव्हायरस हातानंच बंद करायला सांगतात. तिथून पुढे त्याच्या 'ठीक'ला काही किंमत उरत नाही.

नंदनवनच्या एका घरी मे महिन्यात गेलो होतो. बाहेर पंचेचाळीसचा पारा, खोलीत कूलर धडधडत होता. तक्रार अशीच होती, शिवाय कॉम्प्युटर फार तापतो ही दुसरी. टास्क मॅनेजर उघडलं तर सगळं शांत. मी पाच मिनिटं कूलर बंद करायला सांगितला. मग ऐकू आलं: टास्क मॅनेजर बंद केलं की मिनिटाभरात सीपीयूचा पंखा घुमायला लागायचा, उघडलं की हळूहळू शांत व्हायचा. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. आपल्याला कुणी बघतंय हे ओळखून गप्प बसणारा प्रोग्राम प्रामाणिक नसतो. मुलानं गेमचा क्रॅक टाकला होता, त्यातून दुसऱ्याच्या नावे क्रिप्टो नाणी काढणारा प्रोग्राम आत आला होता. असा प्रोग्राम एकटा डेटा फारसा खात नाही, तो वीज खातो. डेटा जात होता तो त्याच्यासोबत आलेल्या दुसऱ्या एका प्रोग्राममुळे. म्हणून पंख्याचा आवाजही ऐका. मी अजूनही कुठल्याही घरी पहिल्यांदा कूलर बंद करायला लावतो.

संशय पक्का झाला तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी नेट तोडा. मग दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला. त्याच कॉम्प्युटरवरून बदललेत तर नवा पासवर्डही त्याच हातात जाईल. डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. त्यात कॉम्प्युटर विंडोज सुरू होण्याआधीच तपासला जातो, त्यामुळे लपणाऱ्याला लपायला जागा कमी मिळते. भारत सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून बॉट, म्हणजे दुसऱ्याच्या हुकमावर चालणारे घातक प्रोग्राम, काढायची साधनं फुकट देतं, तीही वापरता येतील. खात्यातून पैसे गेले असतील तर एक मिनिट न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. आणि आता, या टप्प्यावर, फॉरमॅट बरोबर आहे. फोटो, कागदपत्रं बाहेर काढा, पण सेटअपच्या जुन्या फाइल फॉरमॅट झालेल्या मशीनवर परत नेऊ नका. विंडोज पुन्हा बसवायचा पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवा.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज विचाराल तर क्लाउड बॅकअप किंवा टोरेंटकडे झुकतो, कारण काहीही चालू नसताना असं अपलोड होणं हे त्यांचं लक्षण आहे. घरात कॅमेरे असतील तर मात्र माझं बोट आधी तिकडे जाईल.

आज रात्री एवढंच करा: केबल काढा, ॲपमधला आकडा लिहा, झोपा. उद्या रात्री केबल लावून तेच, सोबत डेटा युसेजचे दोन फोटो. परवा सकाळी दोन्ही रात्रींचे आकडे, यादीत सगळ्यात वर असलेलं नाव आणि घरात कॅमेरे आहेत की नाहीत, एवढं मला कळवा. पुढचं आपण तिथून बघू.